माऊस नाही, चित्रं नाहीत, नुसता काळा पडदा. वायफाय कसं जोडायचं? (डेबियन १२)

जांबोटी_वाचनालय

नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली. गावचं वाचनालय सध्या मी सांभाळते. मराठी पुस्तकं बरीच, कानडीची दोन कपाटं, आणि एसएसएलसी-पीयूसीच्या (दहावी ते बारावीच्या) पोरांसाठी गाइडं. पुस्तकांची यादी ठेवायला एक जुना कॉम्प्युटर मिळाला आहे, १ जीबी रॅमचा. भाच्याने त्यावर डेबियन १२ नावाचं लिनक्स घालून दिलं. खिडक्या-बिडक्या काही उघडत नाहीत, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि लुकलुकणारी एक रेघ. यादीचा छोटा प्रोग्राम त्यानेच लिहिला, तो झकास चालतो. मराठी पुस्तकांची नावं रोमन अक्षरांत लिहावी लागतात तेवढं मला रुचलेलं नाही, पण तो वेगळा विषय.

आता ही यादी रोज रात्री नेटवरून भाच्याकडे पुण्याला जायला हवी, म्हणजे मशीन बिघडली तरी नोंदी राहतील. रस्त्याच्या पलीकडे दूध डेअरी आहे. तिथे फायबर आलंय, राउटर आहे. डेअरीवाल्या मामांनी आनंदाने पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. मशिनीत वायफायचं कार्ड बसवलेलं आहे, मागे दोन काळे कान दिसतात. भाच्याच्या खोलीवर ते चालत होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. भाचा सध्या रात्रपाळीला असतो, फोनवर सापडत नाही.

पडद्यावर जे जे आलं ते वहीत उतरवून घेतलंय. तसंच देते.

आयडब्ल्यूकॉन्फिग टाइप केलं: कमांड नॉट फाउंड.
आयएफकॉन्फिग टाइप केलं: तेच.
एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस टाइप केलं, तर तक्ता आला. त्यात डब्ल्यूएलपी३एस० पुढे वायफाय आणि त्यापुढे अनमॅनेज्ड. ईएनपी२एस० पुढे इथरनेट, अनअव्हेलेबल.
एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट टाइप केलं: काहीच नाही. एररसुद्धा नाही.

शिवाय मशीन सुरू करताना "रेज नेटवर्क इंटरफेसेस" अशी ओळ येते आणि तिच्यासमोर मिनिटं-सेकंद चालू होतात, पलीकडे ५ मिनिटांची हद्द दिसते. शेवटी लाल अक्षरांत फेल्ड.

इंटरनेटवर पाच ठिकाणी पाच उपाय आहेत. कोणी म्हणतं ही फाइल लिहा, कोणी म्हणतं ती. एक विनंती: एका वेळी एकच गोष्ट सांगा, आणि ती का करायची तेही सांगा. नुसतं "हे टाका" म्हटलं तर चौथीची मुलंसुद्धा टाकत नाहीत.

निपाणी_आडवा

बाई, डेअरी समोरच आहे ना? मग सरळ लॅनची केबल टाका. १०० मीटरपर्यंत काही अडचण नाही. ईएनपी२एस० हे केबलचंच तोंड आहे, केबल नाही म्हणून अनअव्हेलेबल दाखवतंय. वायफायच्या भानगडीतच पडू नका.

जांबोटी_वाचनालय

मध्ये रस्ता आहे. हंगामात उसाच्या ट्रॉल्या किती उंच भरून जातात तुम्हाला निपाणीत ठाऊक असेल. टीव्हीची केबल दरवर्षी तुटते. डेअरीवाले मामा स्वतःच म्हणाले, "बाई, वायर नको."

उद्यमबागकर

बाई, नमस्कार. मी इथं उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे. आमच्या शेडमध्ये असल्याच काळ्या पडद्याच्या मशिनी आहेत, म्हणून लिहायचं धाडस करतो. वहीत उतरवून घेतलंत ते फार बरं केलं. निम्मं काम तिथंच झालं.

आधी एक सांगतो. आज्ञा मी देवनागरीतच लिहिणार. तुम्ही फोनवर वाचणार आणि दुसऱ्या मशिनीवर टाइप करणार, पेस्ट करायचा प्रश्नच नाही. म्हणून उच्चारून वाचा आणि इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा, शब्दाशब्दात एक मोकळी जागा सोडून. जिथं मोठं अक्षर लागतं तिथं मी मुद्दाम सांगीन.

आयडब्ल्यूकॉन्फिग आणि आयएफकॉन्फिग सापडत नाहीत त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दोन्ही जुनी हत्यारं, डेबियन आता ती आपणहून घालत नाही. आणि नुसत्या आयडब्ल्यूकॉन्फिगनं आजकालच्या डब्ल्यूपीए२ पासवर्डवाल्या राउटरला जोडताही येत नाही, त्याला मागं डब्ल्यूपीए सप्लिकंट (राउटरशी पासवर्डची बोलणी करणारा प्रोग्राम) लागतोच. नेटवर अजून ते उपाय फिरत असतात, कारण कोणी पुसत नाही.

आता मुद्दा. तुमच्या तक्त्यातला "अनमॅनेज्ड" हा शब्दच सगळं सांगतो. कार्ड ठीक आहे, त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) ठीक आहे. तसं नसतं तर डब्ल्यूएलपी३एस० हे नावच दिसलं नसतं. (डब्ल्यूएल म्हणजे वायरलेस, पी३ म्हणजे पीसीआयचा तिसरा बस, एस० म्हणजे त्यातला शून्यावा खाचा. कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं की नाव बदलतं.) अडचण अशी की या कार्डावर दोघे हक्क सांगतायत. डेबियनमध्ये नेटवर्क चालवायच्या दोन जुन्या-नव्या वाटा आहेत. जुनी इफअपडाउन. तिचा सगळा कारभार /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलीत. नवी नेटवर्कमॅनेजर. एनएमसीएलआय हे त्याच्याशी बोलायचं तोंड. त्या जुन्या फाइलीत ज्या कार्डाचं नाव लिहिलेलं असेल त्याला नेटवर्कमॅनेजर हात लावत नाही. "ते दुसऱ्याचं आहे" म्हणून सोडून देतो. त्यालाच अनमॅनेज्ड म्हणतात. यादी रिकामी आली तीही त्यामुळंच, एरर कशाची देणार? आणि जुनी वाट भाच्याच्या खोलीवरचं वायफाय शोधत बसते, ते पुण्यात. सुरुवातीचा तो घड्याळवाला ताटकळा त्याचाच. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तसं झालंय कार्डाचं.

खात्री करून घेऊ. आधी रूट (मशिनीचे सगळे हक्क असलेला मालक) व्हा:

एसयू -

(ती आडवी रेघ सोडू नका. रेघेशिवाय रूट झालात तर सिस्टिमच्या कित्येक आज्ञा "नॉट फाउंड" म्हणतील, कारण त्या एसबिन नावाच्या फोल्डरात असतात आणि तिथं बघायचं कोणी सांगितलेलंच नसतं.)

मग:

कॅट /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस

काय दिसतं ते वहीत घ्या आणि इथं लिहा. पासवर्ड दिसला तर तो मात्र लिहू नका. आज एवढंच.

जांबोटी_वाचनालय

तुम्ही म्हणता तसंच निघालं. वर एलओच्या दोन ओळी. त्याखाली:

ऑटो डब्ल्यूएलपी३एस०
आयफेस डब्ल्यूएलपी३एस० आयनेट डीएचसीपी
डब्ल्यूपीए-एसएसआयडी आणि पुढे भाच्याच्या खोलीवरच्या वायफायचं नाव
डब्ल्यूपीए-पीएसके आणि पुढे पासवर्ड, जो त्याने आपल्या मांजराच्या नावावरून ठेवलाय. आता मला माहीत झाला.

"दोघे हक्क सांगतायत" हे कळलं. आमच्याकडे एका वर्गाला दोन मॉनिटर नेमले की खडू कोणीच आणत नसे.

उद्यमबागकर

झालं तर. आता जुन्या वाटेला कार्ड सोडायला लावायचं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी सोडवायचं, मग फाइल बदलायची. उलट केलं तर इफडाउन म्हणतं हे कार्ड मला माहीतच नाही.

इफडाउन डब्ल्यूएलपी३एस०

मग फाइल उघडा:

नॅनो /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस

त्या चारही ओळींच्या सुरुवातीला # हे चिन्ह घाला. पुसू नका, भाच्याला कधी लागल्या तर असू देत. एलओच्या ओळींना (मशीन स्वतःशी बोलते ती वाट) हात नको. कंट्रोल आणि ओ, एंटर, मग कंट्रोल आणि एक्स.

सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्कमॅनेजर

इथं नेटवर्कमधला एन मोठा आणि मॅनेजरमधला एम मोठा, मध्ये जागा नाही. आता परत डिव्हाइस स्टेटस बघा. अनमॅनेज्ड जाऊन डिसकनेक्टेड आलं पाहिजे. तुटलेलं दिसणं ही इथं प्रगती आहे.

आलं की यादी मागवा:

एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट

यादी पडदा भरून आली तर खाली थांबते, बाहेर यायला क्यू दाबा. त्यात एसएसआयडी म्हणजे वायफायचं नाव, चॅन म्हणजे चॅनल, सिग्नल शंभरापैकी. डेअरीचं नाव दिसतं का सांगा.

निपाणी_आडवा

एवढं करण्यापेक्षा नेटवर्कमॅनेजरच काढून टाका की. १ जीबीच्या मशिनीवर कशाला ते ओझं? त्याच जुन्या फाइलीत भाच्याच्या नावाऐवजी डेअरीचं नाव-पासवर्ड लिहा, इफअप करा, संपलं. मी वर्षानुवर्षं तसंच चालवतोय. पासवर्ड उघडा नको असेल तर डब्ल्यूपीए_पासफ्रेज वापरून ६४ आकडी-अक्षरी किल्ली करून घ्या आणि ती लिहा.

उद्यमबागकर

निपाणीकर, चुकीचं काहीच नाही तुमचं. मशीन एकाच जागी, राउटर एकच, तर जुनी वाटसुद्धा चालते. खरं बाईंच्याकडे करंट जाणार, राउटर बंद-चालू होणार, एखाद्या दिवशी डेअरी बंद म्हणून कोणाच्या तरी फोनच्या हॉटस्पॉटवर जोडावं लागणार. तिथं फाइल उघडून नाव बदलत बसण्यापेक्षा नेटवर्कमॅनेजर बरा. दोन-तीन नावं लक्षात ठेवतो, जे सापडेल त्याला जोडतो. कुठलाही एक ठेवा, दोन्ही नकोत, एवढंच माझं म्हणणं.

आणि डब्ल्यूपीए_पासफ्रेजबद्दल एक: ती किल्लीच्या वर मूळ पासवर्डही टिपणीत छापते. ती ओळ काढली नाही तर लपवलं काय? शिवाय ती ६४ अक्षरं हातात पडली की पासवर्ड माहीत नसला तरी त्या वायफायला जोडता येतंच.

जांबोटी_वाचनालय

डिसकनेक्टेड आलं! आणि यादीही आली. पण आता वेगळंच कोडं. वहीतून उतरवते.

पहिली ओळ: कोणाच्या तरी फोनचं नाव, रोमन, सिग्नल २२.
दुसरी ओळ: नावाच्या जागी चौकोन. तीन चौकोन, मग मोकळी जागा, मग पाच चौकोन. चॅनल ११. सिग्नल ४७.
तिसरी ओळ: परत चौकोन, सलग सहा. चॅनल १. सिग्नल ३०.

डेअरीचं नाव कुठेच नाही. फोनवर मात्र स्वच्छ दिसतं. मला वाटलं कार्ड बिघडलं. मग वाटलं पडदा. चौकोन मी मोजून, रांगेत काढलेत.

उद्यमबागकर

बाई, डेअरीवाल्या मामांनी वायफायचं नाव मराठीत ठेवलंय का? "दूध डेअरी" असं?

जांबोटी_वाचनालय

होय! तुम्हाला कसं कळलं?

उद्यमबागकर

तुमच्या चौकोनांनीच सांगितलं. द, ऊकार, ध: तीन. मोकळी जागा. ड, एकार, अ, र, ईकार: पाच. कॉम्प्युटर काना-मात्रा-वेलांटीला स्वतंत्र खूण धरतो, म्हणून चौकोन अक्षरांपेक्षा जास्त. मी अंदाज केला, खरं डेअरी म्हटल्यावर फार कठीण नव्हता.

चौकोन का? लिनक्सच्या या काळ्या पडद्याच्या फॉन्टात २५६ नाहीतर फार तर ५१२ चिन्हं मावतात, आणि जोडाक्षरं, वेलांट्या जागेवर बसवायची सोय त्यात नाही. म्हणून देवनागरी दिसत नाही, कानडीही नाही. तुमच्या पुस्तकांची नावं भाच्याने रोमनमध्ये ठेवायला लावली त्याचं कारणही हेच. कार्डाला आणि राउटरला त्याचं काही देणंघेणं नाही. त्यांना नाव म्हणजे नुसते बाइट, म्हणजे आकडे.

आता जे नाव पडद्यावर दिसत नाही आणि कीबोर्डवर उमटत नाही, ते टाइप कसं करणार? करायचंच नाही. यादीत नावाच्या डाव्या हाताला बीएसएसआयडी म्हणून एक रकाना आहे: आकडे-अक्षरांच्या सहा जोड्या, मध्ये विसर्गासारखे दोन टिंब. तो राउटरचा स्वतःचा पत्ता. एनएमसीएलआय नावाच्या जागी तो पत्ताही घेतं. दुसऱ्या ओळीतला पत्ता नीट उतरवून घ्या आणि:

एनएमसीएलआय --आस्क डिव्हाइस वायफाय कनेक्ट (इथं पत्ता) नेम डेअरी

आस्कच्या आधी दोन आडव्या रेघा, जागा न सोडता. शेवटचं "नेम डेअरी" मशिनीत जी नोंद होते तिला रोमन नाव देण्यासाठी. नाही दिलं तर ती नोंदही चौकोनांचीच होईल आणि उद्या तिला हाक मारायची पंचाईत.

--आस्क घातलं की पासवर्ड वेगळा विचारतो. ते मुद्दाम सांगतोय. पासवर्ड आज्ञेतच लिहायची पद्धत आहे, खरं त्यात दोन खोड्या. एक, आज्ञांच्या इतिहासात तो तसाच राहतो, वरचा बाण दाबला की पोरांना दिसतो. दुसरी खोडी जास्त वाईट: पासवर्डात डॉलरचं चिन्ह असेल तर शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्राम) त्याला व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायची डबी, समजतो. समजा डॉलर आणि पुढं २०२१ असेल, तर डॉलर आणि त्याला लागून असलेला २ दोन्ही गायब, उरतं ०२१. दुहेरी अवतरणात ठेवलं तरी. एकेरी अवतरण लागतं. पासवर्ड शंभर टक्के बरोबर, चिठ्ठीही बरोबर, आणि मशीन म्हणते चूक. माणूस वेडा होतो.

हे सगळं टाइप करायचा कंटाळा आला तर दुसरी वाट: एनएमटीयूआय. निळा पडदा येतो, त्यात "अ‍ॅक्टिव्हेट अ कनेक्शन" घ्या, बाणानं त्या तीन-आणि-पाच चौकोनांच्या ओळीवर जा, एंटर. नाव वाचायची गरजच नाही. मी स्वतः तेच वापरतो, खरं तुम्ही "का" विचारलं होतं म्हणून लांबड लावली.

जांबोटी_वाचनालय

जोडलं गेलं. पहिल्या प्रयत्नात. "सक्सेसफुली अ‍ॅक्टिव्हेटेड" आलं, मग पिंग करून बघितलं, ओळी येत राहिल्या. आणि चिठ्ठीवरच्या पासवर्डात खरोखरच डॉलर आहे, त्याच्यापुढे आकडेही. तुम्ही सांगितलं नसतं तर मी तो आज्ञेतच, दुहेरी अवतरणात घातला असता.

नंतर मशीन बंद करून परत चालू केली. ते घड्याळ गेलं आणि आपोआप जोडलं.

उद्यमबागकर

झकास. आता नेट आहेच तर एक हत्यार घालून ठेवा, पुढं लागेल:

एपीटी इन्स्टॉल आयडब्ल्यू

आणि गंमत म्हणून:

आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी३एस० स्कॅन | ग्रेप एसएसआयडी

(एसएसआयडी सगळं मोठ्या अक्षरांत, मधली उभी रेघ बॅकस्लॅशच्या कळीवर शिफ्टसह.) इथं चौकोनांऐवजी प्रत्येक बाइटचा आकडा दिसेल. देवनागरी असेल तर दर तीन बाइटांची सुरुवात ई० ए४ किंवा ई० ए५. कानडी असेल तर ई० बी२ किंवा ई० बी३. आपल्याकडं दोन्ही सापडतात. तुमच्या "द" चा आकडा ई० ए४ ए६.

जांबोटी_वाचनालय

ई० ए४ ए६ सापडलं, अगदी पहिलंच. त्यानंतर ई० ए५ ८२, तो ऊकार असणार. आणि ते सलग सहा चौकोनांचं नाव ई० बी२ ने सुरू होतं. म्हणजे ते वायफाय कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यांचं. त्यांची पाटीही कानडीच आहे.

बाराखडी अशी आकड्यांत बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. पीयूसीच्या दोन मुली बाजूला उभ्या राहून बघत होत्या, त्यांना "ध" शोधायला लावला. सापडला त्यांना.

वडगाव_माग

याच धाग्यात विचारतो. आमच्या शेडमध्ये मागाशेजारी असलीच एक मशीन आहे. वायफाय जोडतं, खरं काही काम नसलं की झोपल्यासारखं होतं. बाहेरून लॉगिन करायला गेलं की बराच वेळ काहीच नाही, मग एकदम जागं होतं.

उद्यमबागकर

वडगावकर, हे पॉवर सेव्ह, वीज वाचवायला कार्ड डुलकी घेतं. आधी तात्पुरतं करून बघा:

आयडब्ल्यू डेव्ह (कार्डाचं नाव) सेट पॉवर_सेव्ह ऑफ

फरक पडला तर /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी मध्ये .कॉन्फ शेवट असलेली एक फाइल करा. त्यात पहिली ओळ चौकोनी कंसात कनेक्शन, दुसरी ओळ वायफाय.पॉवरसेव्ह = २. इथं २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू. ० म्हणजे नेहमीचं, १ म्हणजे हात लावू नको. कोणाच्या डोक्यातून आलं देव जाणे. बॅटरीवरची मशीन नसेल तर बंदच ठेवा. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथं बाईंचं चालू दे.

जांबोटी_वाचनालय

मी परत आले. परवा रात्री वारं-पाऊस होऊन करंट गेला, तो दुपारी आला. तेव्हापासून आमची मशीन डेअरीला जोडत नाही. यादीत ते तीन-आणि-पाच चौकोन नाहीतच. झेरॉक्सवाल्यांचे सहा आहेत. फोनवर "दूध डेअरी" पूर्ण दांड्यांनी दिसतं. फाइल बघितली, # जागेवर आहेत. स्टेटस डिसकनेक्टेड. काही बदललेलं नाही.

उद्यमबागकर

मशिनीत नाही, राउटरमध्ये बदललं असेल. दोन गोष्टी बघा. मामांच्या फोनवरून राउटरचं पान उघडायला सांगा आणि आता चॅनल कुठला आहे ते विचारा, तुमच्या वहीत आधी ११ आहे. आणि तुमच्या मशिनीवर:

आयडब्ल्यू रेग गेट

त्यात कंट्री म्हणून दोन अक्षरं येतील ती सांगा.

जांबोटी_वाचनालय

चॅनल १३. मामा म्हणतात त्यांनी काही केलेलं नाही, तिथे "ऑटो" लिहिलंय. आणि आमच्या पडद्यावर कंट्री यूएस. आम्ही जांबोटी रस्त्यावर आहोत हो.

उद्यमबागकर

तिथंच गाठ आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्या देशात १ ते १३ चॅनल चालतात. अमेरिकेच्या नियमात ११ पर्यंतच. तुमच्या कार्डाला वाटतंय आपण अमेरिकेत आहोत, म्हणून ते १२ आणि १३ कडं कान देत नाही. फोन आपण भारतात आहोत हे ओळखतो, म्हणून त्याला दिसतं. आणि राउटर "ऑटो" वर असला की करंट जाऊन आल्यावर आजूबाजूची गर्दी बघून स्वतःच नवा चॅनल निवडतो. त्या दिवशी त्यानं १३ निवडला.

मशिनीला आपण भारतात आहोत हे सांगता येतं:

आयडब्ल्यू रेग सेट आयएन (आयएन मोठ्या अक्षरांत)

खरं याच्यावर फार भिस्त ठेवू नका. जुन्या कार्डांत देश कारखान्यातच कोरलेला असतो. मग आपण काहीही सांगितलं तरी दोन्ही देशांच्या नियमांत जे समान तेवढंच चालतं, म्हणजे १३ बंद तो बंदच. मामांना सांगून राउटरचा चॅनल ऑटोवरून काढून १, ६ किंवा ११ यातला एक कायमचा ठेवायला लावा. झेरॉक्सवाले १ वर आहेत, तुम्ही ६ घ्या म्हणजे एकमेकांच्या पायात पाय नको. हे तिन्ही एवढे लांब आहेत की एकमेकांवर चढत नाहीत.

राउटरच्या त्याच पानावर ५ गिगाहर्ट्झ वेगळं दिसलं तर त्याच्या नादाला लागू नका. रस्ता आणि दोन भिंती ओलांडायला २.४ च बरं. आणि सिक्युरिटीत फक्त डब्ल्यूपीए३ असं करू देऊ नका, तुमचं जुनं कार्ड त्यात बाहेर पडेल. डब्ल्यूपीए२ किंवा दोन्ही मिळून असेल तर चालतं.

जांबोटी_वाचनालय

चॅनल ६ केला. मी चहा ठेवून परत येईपर्यंत मशीन आपणहून जोडली गेली होती. तुम्ही सांगितलेलं रेग सेटही करून बघितलं. यूएस जाऊन ९८ असा काहीतरी आकडा आला, आयएन आला नाही. म्हणजे कोरलेलंच असावं.

मामांना आता हुरूप आलाय. घराकडच्या खोलीसाठी दुसरा राउटर आणलाय आणि त्याला नाव द्यायचंय "श्री गणेश दूध डेअरी". राउटर घेतच नाही. नाव खूप मोठं म्हणतो. मामांचं म्हणणं, सोळा-सतरा अक्षरं आहेत, आणि पुस्तिकेत तर ३२ चालतात असं लिहिलंय.

उद्यमबागकर

९८ म्हणजे दोन देशांच्या नियमांत जे समान तेवढंच उरलेलं. राहू दे तसंच.

आणि पुस्तिकेतली ३२ ही अक्षरं नव्हेत, बाइट. देवनागरीची एकेक खूण ३ बाइट खाते. श्री मध्ये श, हलन्त, र, ईकार अशा ४. गणेशमध्ये ४. दूध ३, डेअरी ५. एकूण १६ खुणा, ४८ बाइट, वर तीन मोकळ्या जागांचे ३. झाले ५१. नुसतं "श्री गणेश" ठेवलं तर २५, आरामात बसतं. "दूध डेअरी" सुद्धा २५ च होतं, म्हणून त्या वेळी घेतलं.

पासवर्ड मात्र मामांना मराठीत ठेवू देऊ नका. तो ८ ते ६३ रोमन अक्षरं, आकडे आणि कीबोर्डवरच्या साध्या चिन्हांचाच लागतो. आणि जमलं तर डॉलर टाळा म्हणावं.